कंसातला पक्षाघात

"माहिती देणाऱ्या आदिवासी महिलेचे कथन मुळातच संदिग्ध असल्याने संशोधनाच्या प्राथमिक टप्प्यात अनवधानाने त्रुटी राहिली. संस्थेने मात्र सर्व शास्त्रीय निकषांचे काटेकोर पालन केले आहे."

चौकशी समितीपुढे ठेवायच्या मसुद्यातली ही पहिली दोन वाक्ये. मसुदा नाशिकमधल्या एका खाजगी औषधनिर्माणशास्त्र संस्थेचा, आणि वाक्ये तिच्या इमारतीसारखीच: दर्शनी भाग चकचकीत, मागची भिंत उघडी. 'संदिग्ध' या शब्दापासून सुरुवात करू. सत्तरी ओलांडलेल्या भागीबाई भोये यांचा पाडा हरसूलच्या वरच्या अंगाला आहे. त्यांचे संदिग्ध ठरलेले कथन असे होते: "वारं आलं आन् उतरंना, तर ही मुळी उगाळून हुंगवायची." या वाक्यात कर्ता आहे, क्रियापद आहे, अट आहे, उपाय आहे आणि तो करण्याची रीतही आहे. विद्यापीठांतून मान्य झालेल्या पुष्कळ प्रबंधांत याहून कमी असते.

त्या डोंगरात वारं येते. मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाचे व्रत धरलेल्या माणसाच्या अंगात वारं येते, तो घुमतो, नाचतो, आणि पहाटेपर्यंत देव उतरला नाही तर घरचे घाबरतात. मग कुणीतरी ती मुळी उगाळून त्याच्या नाकाशी धरते. शहरात वारं जाते. ते अंगावरून जाते आणि जाताना हात, पाय, वाचा घेऊन जाते. एक येते, एक जाते. येणे आणि जाणे यांतला फरक मराठी शाळेत पहिल्याच वर्षी कळतो. संस्थेच्या संशोधक डॉ. तृप्ती गायधनी यांना दहावीला मराठीत अठ्ठ्याऐंशी गुण होते. त्यांनी क्षेत्रभेटीच्या वहीत 'आजार' या रकान्याखाली लिहिले 'वारं' आणि त्यापुढे, वाचणाऱ्याच्या सोयीसाठी, कंसात लिहिले 'पक्षाघात'. भागीबाईंच्या बोलण्यात कंस नव्हता.

आता काटेकोर पालन. मुळीचा अर्क काढून पांढऱ्या उंदरांना दिला, त्यांच्या मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी दोऱ्याने बंद केली, नंतर मेंदूचे काप करून ते रंगद्रव्यात बुडवले. जिवंत भाग लाल होतो, मेलेला पांढरा राहतो. अर्क मिळालेल्या उंदरांच्या कापांत पांढरे थोडे कमी निघाले. हे खरे आहे. मात्र त्यांना अर्क दिला होता रक्तवाहिनी बंद करण्याच्या एक तास आधी. पक्षाघात एक तास आधी कळवून येत नाही. शोधनिबंधात 'आधी' हा शब्द पद्धतीच्या परिच्छेदात, बारीक टायपात, प्रामाणिकपणे छापलेला आहे. प्रसिद्धिपत्रकात मात्र 'पक्षाघातानंतर मेंदूचे संरक्षण' असे आले. जगभर गेली कित्येक दशके वनस्पतींच्या अर्कांनी उंदरांचे मेंदू वाचत आहेत. माणसांपर्यंत त्यांतले फारच थोडे पोहोचले, आणि जे पोहोचले त्यांतल्या बहुतेकांनी काही केले नाही. तृप्तीने हे सगळे वाचले होते. ती विद्यार्थ्यांना ते शिकवतही असे.

मुळीचे लॅटिन नाव इथे देण्याचे कारण नाही. वनस्पतीने कसलाच दावा केलेला नव्हता.

दावा वाढत गेला तो माणसांच्या हातून. संस्थेचे संचालक डॉ. ललित चांदवडकर यांना 'ज्ञानपरंपरा' हा शब्द फार आवडत असे; तो उच्चारताना ते डोळे अर्धे मिटत. त्यांनी अर्काचे चूर्ण करवले, त्याला 'वातकवच' असे नाव दिले आणि औषध म्हणून परवानगी मागण्याच्या भानगडीत न पडता 'पूरक आहार' म्हणून ते बाटलीत भरले. बाटलीसोबत घडीपत्रक. पत्रकावर भागीबाईंचा फोटो: कपाळावर गोंदण, हातात मुळी, खाली 'डोंगराच्या लेकीचे वरदान'. हरसूलच्या बाजाराच्या दिवशी आरोग्य शिबिर भरवून बाटल्या फुकट वाटल्या. त्या शिबिरात तृप्ती मंचावर बसली होती. पुढच्या वर्षी ती सहयोगी प्राध्यापक झाली.

तिचे वडील नाशिक रोडच्या नोटांच्या प्रेसमधून तपासनीस म्हणून निवृत्त झालेले. शाईच्या एका ठिपक्यासाठी अख्खा ताव बाद करण्यात त्यांची उमर गेली. लेकीची वर्तमानपत्रातली बातमी त्यांनी कापून प्लास्टिकच्या पाकिटात ठेवली होती आणि कॉलनीत कुणी भेटले की ते पाकीट खिशातून निघे. "आमच्या तृप्तीचं काम," ते म्हणत. "एक अक्षर चुकायचं नाही." तृप्ती त्या वेळी आत चहा टाकायला जाई.

आणि मग बहिरू गावित यांच्या हातातली भाकरी पडली.

बहिरू भागीबाईंच्याच पाड्यावरचे, पन्नाशीचे. पिंपळगावच्या द्राक्षबागांतली छाटणी उरकून दोनच दिवसांपूर्वी घरी आलेले. सकाळी न्याहारीला बसले असताना उजव्या हातातली नाचणीची भाकरी ताटलीत पडली. ती त्यांनी डाव्या हाताने उचलली, ती तोंडापर्यंत पोचली, पण तोंडच वाकडे झालेले. बायको लंकाबाईंनी ते पाहिले आणि त्या अजिबात गडबडल्या नाहीत. गडबडण्याचे कारणच नव्हते. फळीवर वातकवच होते, पत्रकावर भागी मावशी होती, आणि मुलीने पत्रक वाचून दाखवले होते: पहिल्या सहा तासांत दर दोन तासांनी एक चमचा, कोमट पाण्यातून. पहिल्या चमच्याला बहिरूंना ठसका लागला. दुसरा त्यांनी गिळला. तिसऱ्यानंतर डोळे फिरले तेव्हा जीप बोलावली.

नाशिकच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी विचारले, "किती वाजता झालं?"

"भाकर खायच्या टायमाला."

"म्हणजे सकाळी? बाई, आता चार वाजलेत! गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनला जेमतेम साडेचार तास मिळतात. एवढा वेळ काय करत होतात?"

लंकाबाईंनी पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली. "औषध चालू हुतं ना," त्या म्हणाल्या.

बहिरू वाचले. उजवे अंग गेले, वाचाही गेली. राहिले दोनच उच्चार, आणि ते शब्द नव्हेत. डॉक्टरांनी बाटलीचा फोटो काढून वर कळवले. तिथून चौकशी समिती, समितीमुळे मसुदा, आणि मसुद्यामुळे तृप्ती संचालकांच्या दालनात.

"बसा मॅडम," चांदवडकर म्हणाले. "चेहरा असा काय? कोणी गेलंय का?"

"सर, तो माणूस बोलू शकत नाही."

"मेंदूचा झटका आपण दिलेला नाही." त्यांनी मसुदा तिच्याकडे सरकवला. "वाचा. तुमचं नाव कुठेही नाही, मुद्दाम ठेवलेलं नाही. एकच गोष्ट हवी. त्या बाईंचं निवेदन. तुम्हालाच जावं लागेल, तुमच्याशिवाय ती कोणाला अंगठा द्यायची नाही."

तृप्तीने दुसरा कागद वाचला. 'मी, भागीबाई भोये, असे नमूद करते की अंगावरून वारं गेल्यास सदर मुळी गुणकारी असल्याचे मीच संशोधकांस सांगितले होते.'

"सर, वहीतला कंस..."

"कंस काय, स्वल्पविराम काय!" चांदवडकर हसले. "अहो, लोककथन असतंच पसरट. आपण त्याला आकार दिला. आणि त्या बाईंचं जाणार काय आहे? ना नोकरी, ना पेन्शन, ना प्रबंध. तुमचं मात्र सगळं जाईल. वडिलांची तब्येत कशी आहे?"

प्रश्न आपुलकीचा होता. चांदवडकर असले प्रश्न नेहमी आपुलकीनेच विचारत.

गुरुवारी ती हरसूलला गेली. संस्थेची गाडी दिलेली असताना ती सीबीएस स्थानकावरून एसटीने गेली, जणू त्याने काही फरक पडणार होता. त्र्यंबक मागे पडल्यावर तिने पिशवीतला कागद दोनदा काढून पाहिला आणि दोन्ही वेळा शेजारच्या बाईंना दिसू नये म्हणून दुमडला. त्या बाईंना वाचता येत होते की नाही, कुणास ठाऊक. हरसूलहून पाड्यापर्यंत जीप. जीपमध्ये कुणी तिच्याशी बोलले नाही, पण ती कोण हे सगळ्यांना माहीत असावे, कारण भाडे कुणी मागितले नाही आणि उतरताना वाटही कुणी दाखवली नाही.

भागीबाई ओट्यावर वरई पाखडत होत्या. पूर्वी त्यांच्या ओट्यावर कुणी ना कुणी टेकलेले असे: कुणाच्या लेकराचे पोट, कुणाचा सुजलेला गुडघा. आज ओटा मोकळा होता.

"ये गं डाक्टरीण," त्या सुपावरची नजर न काढता म्हणाल्या. "येवढ्या लांबून आलीस. परत फोटू काढायचा का काय? आता या थोबाडाला कुणी इचारीत नाय बरं. लंकी तर रस्ता बदलती मला बघून."

"मावशी, तसं नाही..."

"कसं नाय? बाजारात गेले तर तो भेळवाला म्हनतो, आजी, कागदावर तुमचा फोटू हाय, मग आमच्या बहिरूला काय केलं तुमी? मी काय बोलनार? फोटू माझाच हाय." सूप थांबले. "पानी पिशील? का आमच्या घरचं पानीबी आता तपासून घ्यायचं?"

तृप्ती पाणी प्यायली. मग तिने कागद काढला. वाचून दाखवायची तिची इच्छा नव्हती, पण न वाचता अंगठा घेणे नियमात बसत नव्हते, आणि नियम ती काटेकोर पाळत असे. तिने घाईघाईने वाचले. 'अंगावरून वारं गेल्यास' इथे तिचा आवाज इतका खाली गेला की भागीबाईंनी कानामागे हात धरला.

"काय? परत म्हन."

तिने परत म्हटले.

वरईच्या दाण्यांतला एक खडा भागीबाईंनी बोटाने वेगळा काढला, बघितला, अंगणात टाकला. आणि मग त्यांनी विचारले ते असे, की तृप्तीने येताना वाटेत ज्या ज्या प्रश्नांची उत्तरे तयार केली होती त्यांत तो नव्हता. त्या भांडल्या असत्या तर तिच्याजवळ उत्तर होते. रडल्या असत्या तर त्यालाही होते.

"पोरी," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच वय आले, "मी बोलले व्हते का गं असं? खरं सांग. रातच्याला पडल्यावर मी लय आठवते. माझ्या सासूनं सांगितलेलं, तिला तिच्या सासूनं. वारं आल्यावर. मी आल्यावरच म्हनले असनार, असं वाटतंय. पन आता म्हातारपन. जिभंवरून काय सुटलं आसंल, काय सांगावं? तू तर लिवून घेत हुतीस. मशीनबी व्हती तुझ्याजवळ. तू सांग. मी चुकले का?"

ओट्याखाली कोंबडी माती उकरत होती. तृप्तीने तिच्याकडे पाहिले. कोंबडीकडे पाहत उत्तर देणे सोपे गेले.

"मला आठवत नाही, मावशी."

"नाय आठवत?"

"पाच वर्षं झाली ना."

"हा, पाच वर्सं," भागीबाई म्हणाल्या. मान हलवली. "मंग मीच चुकले आसंल. तू तर शिकलेली. आण तो कागद." त्यांनी अंगठा पुढे केला. शाईच्या डबीवर तो दाबला, कागदावर टेकवला, नीट उमटावा म्हणून डावीउजवीकडे डोलवला, आणि उचलून बघितला. "आला का बरुबर? बग बाई, पुसट नको. मागं तू म्हनली व्हतीस, पुसट चालत नाय." मग लुगड्याच्या पदराला अंगठा पुसत त्या पुढे म्हणाल्या, "लंकीला सांगशील का, की म्हातारीला आठवत नव्हतं, मुद्दाम नाय केलं? माझं नाय ऐकायची ती. तुझं ऐकंल."

तृप्ती लंकाबाईंकडे गेली नाही. पाड्यावरून खाली येताना त्यांचे घर वाटेवरच होते. दारात खाटेवर बहिरू बसलेले, उजवा हात मांडीवर ठेवलेल्या परक्या वस्तूसारखा. त्यांनी तिला ओळखले की नाही हे कळायला मार्ग नव्हता. त्यांनी तोंड उघडले आणि त्यांच्याजवळ उरलेल्या दोन उच्चारांपैकी एक केला. नमस्कार असावा. तिने हात जोडले आणि ती झपाझप चालत फाट्यापर्यंत गेली.

सोमवारी समिती बसली. तीन सदस्य, एक लांब टेबल, प्रत्येकासमोर पाण्याची बाटली. चांदवडकरांनी मसुदा वाचला. 'ज्ञानपरंपरा' येताच त्यांचे डोळे अर्धे मिटले. अध्यक्ष मान डोलावत होते. सगळे नीट चालले होते, आणि असेच चालले असते तर एका म्हातारीच्या माथी एका माणसाचे अर्धे अंग कायमचे मारले गेले असते. वर त्याचे इतिवृत्त सुवाच्य अक्षरात फायलीला लागले असते.

टेबलाच्या टोकाला डॉ. राकेश चौधरी बसले होते. हे सुरगाण्याकडचे, सरकारी सेवेतून निवृत्त झालेले. त्यांनी भागीबाईंचे निवेदन उचलले, चष्मा कपाळावर सारून जवळून वाचले आणि तृप्तीकडे वळले.

"मॅडम, हे बाईंचे शब्द आहेत?"

"त्यांचा अंगठा आहे, सर," चांदवडकर म्हणाले.

"अंगठा दिसतोय मला, तुम्हाला नाही विचारलं." चौधरींचा आवाज चढलेला नव्हता. "मॅडम, मी त्याच मुलुखात वाढलोय. 'अंगावरून वारं गेल्यास' असं आमच्याकडे कोणी बोलत नाही. 'सदर' तर देवसुद्धा बोलत नाही. म्हणून विचारतो. हे शब्द बाईंचे, की तुमचे?"

चांदवडकरांनी टेबलाखालून तिच्या पायाला पाय लावला. बाहेर कॉलेजची मधली सुट्टी झाली असावी. मुलांचा कलकलाट आत येत होता. तृप्तीला वाटले, अजून सांगता येईल की आठवत नाही. तेच उत्तर गुरुवारी चालले होते. ते जिभेवर आले आणि त्याच्याबरोबर तो आवाजही आला, मी चुकले का, आणि तिच्या लक्षात आले की या टेबलाशी बसलेल्या कुणाहीपेक्षा ती म्हातारी आपल्या शब्दाला अधिक जपत होती. इतकी, की रात्र रात्र जागून तिने तो स्वतःच तपासून पाहिला होता.

"मला लिहून द्यायचं आहे," ती म्हणाली.

"मॅडम, आधी आपण बाहेर दोन मिनिटं बोलू," चांदवडकर म्हणाले.

"कागद द्या," चौधरी कारकुनाला म्हणाले.

तिला लिहायला बारा मिनिटे लागली. तेवढ्या वेळात कुणीही पाणी प्यायले नाही. ते निवेदन समितीच्या इतिवृत्ताला जोडलेले आहे. पत्ता, दिनांक आणि सही वगळता ते शब्दशः असे:

"भागीबाई भोये यांनी पक्षाघात हा शब्द कधीही उच्चारला नाही. तो मी लिहिला. पहिल्या भेटीत माझी समजूत चुकली, असे म्हणता येईल. दुसऱ्या भेटीत तसे म्हणता येणार नाही. त्या दिवशी संमतीपत्र वाचून दाखवताना पक्षाघात म्हणजे लकवा, असे मी त्यांना समजावले. त्यांनी मला थांबवले. त्या म्हणाल्या, 'लकव्याला नाय गं बाई ही. लकवा झाला तर आमी जीप करतो, नाशकाला नेतो.' मी रेकॉर्डर बंद केला. तोपर्यंत उंदरांवरचे काम मंजूर झाले होते. मी म्हणाले, बरं, इथे अंगठा द्या, पुसट नको. घरी येऊन मी ते वाक्य रेकॉर्डिंगमधून काढून टाकले. बहिरू गावित यांच्या घरच्यांनी जे करायला हवे होते ते भागीबाईंना माहीत होते आणि त्यांनी ते मला सांगितले होते. गेल्या गुरुवारी त्यांनी मला विचारले की मी चुकले का. मी म्हणाले, आठवत नाही. मला आठवत होते."